नसलेल्या गाडीचा खर्च

सरांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "ही खुर्ची मेल्यावर कुठे जाणार?"

मी नोकरीवर रुजू व्हायला आले होते. हातात पेढ्यांचा बॉक्स, अंगावर आईने निवडलेली साडी, आणि समोर हा उंच, किडकिडीत माणूस, एक पाय खुर्चीच्या दांडीवर टेकवून उभा. मला वाटलं, खुर्ची कुणा वारलेल्या माणसाची असावी. मी म्हटलं, "माहीत नाही, सर." ते एकदम खूश झाले. "बरं झालं माहीत नाही म्हणालात. आधीचे दोघं म्हणाले, गोडाऊनमध्ये. गोडाऊन हे काय उत्तर झालं? गोडाऊनचं भाडं कोण भरतं?" आणि पेढा न घेताच निघून गेले. थोड्या वेळाने परत आले, पेढा उचलला, अर्धा खाल्ला, अर्धा खिडकीत ठेवला आणि पुन्हा गेले.

आमच्या ऑफिसचं काम सांगायला सोपं आहे. लष्कराला एखादी गाडी किंवा यंत्र घ्यायचं असलं, की त्याची किंमत विकणारा सांगतो. ते आयुष्यभर सांभाळायला काय लागेल, हे आम्ही सांगायचं. डिझेल, टायर, सुटे भाग, दुरुस्ती, चालवणाऱ्याचं प्रशिक्षण, उभं करायला शेड, आणि शेवटी मोडीत काढायचा खर्च. लग्नाचा खर्च आणि संसाराचा खर्च यात जो फरक, तोच हा. विकत घेताना सगळे लग्नाचा आकडा बघतात. आम्ही संसाराचा तक्ता मांडून बसतो, आणि म्हणून आम्ही कुणालाच फारसे आवडत नाही.

हा तक्ता जगात सगळे वरून खाली भरतात. सर खालून वर भरायचे. आधी विल्हेवाट, मग त्याच्या आदल्या वर्षाची दुरुस्ती, मग त्याच्या आदल्या, असं करत करत खरेदीपर्यंत. "आणणार कोण ते नका सांगू, नेणार कोण ते सांगा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वर्तमानपत्रसुद्धा शेवटच्या पानावरून सुरू करायचे. नव्या इमारतीच्या उद्घाटनाला गेले, तर पाहुणे फीत बघत असताना हे गच्चीच्या कोपऱ्यात पाणी कुठून मुरणार ते शोधत असायचे.

आणि बसायचे नाहीत. त्यांच्या खुर्चीवर त्यांचा डबा बसायचा. सर कॉरिडॉरमधून चालत, किल्ल्या खुळखुळवत, बोलत, चहा पीत. चहाही अर्धाच. उरलेला अर्धा कप जिथे विचार सुचला तिथल्या खिडकीत. कॅन्टीनच्या मावशी रोज संध्याकाळी कप गोळा करत फिरायच्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायच्या, "कुटं ठेवला त्ये तरी सांगत जा म्हनावं! एक खिडकी म्हून सोडली न्हाई या मानसानं."

खूश असले की ते मला "अगं" म्हणायचे आणि चिडले की "मॅडम". "मॅडम, तुमचा टायर तिसऱ्या वर्षी अमर झालेला दिसतोय," असं म्हटलं की समजायचं, पुढच्या वर्षांतले टायर धरायचे राहिले.

एकदा ऑफिसातल्या एका मुलाचं लग्न झालं. लोकांनी मिक्सर दिले, डिनर सेट दिले. सरांनी एक लहानशी पुडी दिली. नवरीने स्टेजवरच उघडली. आत मिक्सरच्या भांड्यांची रबरं आणि खालचे कपलर. "मिक्सर कुणीतरी दिलाच असेल," सर तिला म्हणाले, "पण तो बंद पडेल तो याच्यामुळे." नवरीचा चेहरा बघण्यासारखा होता. तिच्या सासूने मात्र ती पुडी उचलून स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

दसऱ्याला आमच्याकडे कॉम्प्युटरची पूजा होते. कीबोर्डवर हळदकुंकू पडलेलं सरांना खपत नसे, पण तो भाग सोडा. सगळे हार घालण्यात गुंतले, की सर एक झेंडूची माळ उचलून मागच्या आवारात जायचे. तिथे नमुना म्हणून आणलेली एक जुनी गाडी गवतात रुतून पडली होती. तिच्या बॉनेटवर ते माळ टाकायचे. "नव्याला सगळेच घालतात," एवढंच म्हणायचे.

अशाच एका दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना सुदुंबऱ्याला आमच्या घरी जेवायला नेलं. माझी चूक. अंगणात आबांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, ट्रॅक्टर उभा. हार घातलेला, चाकाला कुंकवाची बोटं. सरांनी त्याच्याभोवती दोन-तीन चकरा मारल्या, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "आबा, हा गेल्यावर काय करायचं ठरवलंय?"

"कोन गेल्यावर?"

"हा. ट्रॅक्टर."

आबांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "साहेब, काल हार घातलाय त्याला. अन् तुमी आज तेराव्याची तयारी काढताय व्हय?"

आई आत तोंडाला पदर लावून हसत होती. सरांना मात्र यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांनी जेवताना, म्हणजे ताट हातात घेऊन ओसरीवर फिरताना, आबांना समजावलं की माणसाने वस्तूचा शेवट आधी बघितला म्हणजे तिच्यावर अन्याय होत नाही. आबा ऐकत राहिले. सर गेल्यावर म्हणाले, "मानूस वाईट न्हाई. पर त्येला बसाय सांगा कुनीतरी. आपल्यालाच दमाय हुतं."

लोकांना अशा माणसामागे कारण हवं असतं. लहानपणी काहीतरी घडलं असेल, काही हातातून निसटलं असेल. मीही त्यांच्या बायकोला, काकूंना, एकदा विचारलं होतं. काकू प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, बोलायला स्पष्ट. "काही घडलंबिडलं नाही गं," त्या म्हणाल्या. "पाळण्यातूनच असे आले. माझ्या सासूबाई सांगायच्या, खेळणं हातात दिलं की आधी उलटं करून बघायचे."

ते लोणावळ्याला राहायचे, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला, एका बैठ्या घरात. पावसाळ्यात तिथे कपाटातल्या चामडी पट्ट्यांवर बुरशी येते, मीठ पाझरतं, काडेपेटी पेटत नाही. सरांना हे हवामान फार आवडायचं. "इथे वस्तू वापरून झिजत नाही, बसून कुजते," ते अभिमानाने सांगायचे. बिचाऱ्या काकूंना त्यातच कपडे वाळवायचे असत.

सरांची साठी जवळ आली, तशा काकू अस्वस्थ झाल्या. साठीनंतर सल्लागार म्हणून दोन वर्षं मुदतवाढ मिळायची सोय होती आणि आमच्या साहेबांनी उन्हाळ्यातच तशी शिफारस वर पाठवली होती. साहेब म्हणजे ऑफिसचे प्रमुख, कर्नल, सरांपेक्षा वयाने लहान, डोंगरात नोकरी केलेले. काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काहीही कर, पण ती दोन वर्षं मिळू देत. मागे आठवडाभर रजेवर होते, तर डब्यांची झाकणं मोजून कुठलं आधी फुटेल ते मला सांगत होते. मी यांच्याशी संसार केला तो ऑफिसच्या भरवशावर."

सरांनाही ती हवी होती. बोलायचे नाहीत, पण टपाल आलं की कॉरिडॉरमधली चाल त्या टेबलापाशी मंद व्हायची.

त्याच सुमारास रुग्णवाहिकेची फाइल आली. डोंगरातून जखमी जवान खाली आणायच्या गाड्या. दोन कंपन्यांनी देऊ केल्या होत्या. एक स्वस्त, लगेच मिळणारी, पण काही वर्षांनी तिचे सुटे भाग मिळायची मारामार होणार, हे दिसत होतं. दुसरी महाग, टिकाऊ, पण त्याच पैशात कमी येणार आणि यायलाही उशीर लागणार. सरांनी तक्ता खालून वर भरला आणि महाग गाडी जिंकली.

साहेबांनी त्यांना बोलावलं. मी फाइल घेऊन मागे. साहेब म्हणाले, "सर, एक दर बदला फक्त."

इथे थोडं सांगावं लागेल. वीस वर्षांनी होणारा खर्च आम्ही आजच्या पैशात आणतो. आज बाजूला ठेवलेली थोडी रक्कम तोवर वाढेल, म्हणून लांबचा खर्च कागदावर लहान दिसतो. किती लहान, ते एका दरावर ठरतं. दर जरा वाढवला, की विसावं वर्ष जवळजवळ दिसेनासं होतं आणि स्वस्त गाडी जिंकते. साहेब सांगत होते तो दरही नियमात बसणारा होता. त्यात खोटेपणा काही नव्हता.

"नाही," सर म्हणाले. "विसाव्या वर्षी त्या गाडीत जो पडलेला असेल, तो आज अंगणवाडीत जातोय. तो लांब आहे म्हणून स्वस्त कसा?"

"आणि आज जो वर आहे तो?" साहेबांचा आवाज चढला. "मी स्वतः माणसं पाठीवरून उतरवली आहेत, सर. तुमची टिकाऊ गाडी येईपर्यंत त्यानं काय करायचं?"

"त्याला आपल्या तक्त्यात जागा नाही. तक्ता गाडी आल्यापासून सुरू होतो."

हे ते नियम वाचून दाखवावा तसं म्हणाले. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही का गप्प होतात?" मी म्हटलं, मला दोघांचंही पटत होतं. ते इतके चिडले, की चहाचा कप पूर्ण संपवला.

पुढच्या रविवारी मी तोच तक्ता घेऊन लोणावळ्याला गेले. श्रावणातला रविवार, म्हणजे पुण्या-मुंबईच्या सगळ्या गाड्या धरणाच्या रस्त्याला लागलेल्या. धुक्यात नुसते लाल दिवे दिसत होते. मी स्टेशनवरून चालत गेले, म्हणूनच लवकर पोचले. सर ओसरीवर येरझारा घालत आकडे सांगत होते, मी लिहीत होते, आणि मागच्या दाराला काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

काकू शेवाळलेल्या पायरीवरून घसरल्या होत्या. पाय असा वळला होता की बघवत नव्हतं. ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "हलवू नका मला."

मी रुग्णवाहिकेला फोन केला. ती निघाली. थोड्या वेळाने सायरन ऐकू आला. पण गाडी येईना. सायरन तिथेच, धुक्यात, एकाच जागी वाजत राहिला. घराच्या फाटकासमोर गाड्यांची रांग लागलेली, बंपरला बंपर, आत गाणी चाललेली, काचा चढवलेल्या. इतक्या गाड्या आणि एकही हलू शकत नव्हती. सर फाटकापाशी जायचे, पायरीपाशी यायचे, पुन्हा फाटकापाशी जायचे. दर वेळी मला विचारायचे, "कुठपर्यंत आली?" मी काय सांगणार?  

पाऊस आत येत होता. काकूंच्या अंगावर मी प्लॅस्टिकचा कागद धरला होता. त्या थरथरत होत्या.

अखेर कोपऱ्यावरचा वडापाववाला आला. "सायेब, ती काय येत न्हाई हितवर. मावशीस्नी आपुनच न्यायचं." त्याने शेजारचे दोघं-तिघं गोळा केले, कुणीतरी लोखंडी खाट आणली. पाय फळीला बांधून काकूंना खाटेवर घेतलं आणि गाड्यांच्या रांगेमधून चालवत नेलं. वडापाववाला पुढे ओरडत, "ओ, आरसा दुमडा! आरसा दुमडा की! मावशीला नेतोय!" सर खाटेची कड धरून चालत होते, अनवाणी. काकू तशातही म्हणाल्या, "अहो, पायाखाली बघा."

पायात स्टीलची पट्टी बसली. हाड जुळलं. पण डॉक्टर म्हणाले, पोचायला फार वेळ गेला, रक्त बरंच साकळलं होतं, चाल पहिल्यासारखी होणार नाही.

आठवड्याने सर ऑफिसला आले. मी दारातच थबकले. डबा जमिनीवर होता आणि सर खुर्चीवर बसले होते. मला म्हणाले, "अगं, आपला तक्ता चुकीच्या ठिकाणी सुरू होतो."

त्यांनी तक्त्याच्या सगळ्यात आधी एक नवा रकाना काढला होता. वर लिहिलं होतं, 'नसलेली गाडी'. गाडी मागितल्यापासून ती येईपर्यंतची वर्षं. त्या वर्षांत तिच्याऐवजी जे जे वापरलं जातं, त्याचा खर्च. हेलिकॉप्टरच्या फेऱ्या, खेचरं, चौकी सोडून जखमीला खांदा देणारी माणसं, उशिरा पोचल्यामुळे कायमचे अधू झालेल्यांचं निवृत्तिवेतन. जिवाचा आकडा त्यांनी घातला नाही. "तो मला घालता येत नाही," म्हणाले. तेवढ्यानेच पारडं फिरलं. दर त्यांनी बदलला नव्हता. विसावं वर्ष जसंच्या तसं होतं, सुटे भाग आधीच विकत घेऊन ठेवायची रक्कमही धरलेली होती. तरी स्वस्त गाडी जिंकली, कारण ती लवकर येणार होती.

"आयुष्यभर शेवट बघत राहिलो," सर म्हणाले. "सुरुवातीच्या अलीकडे कधी बघितलंच नाही. हा गाढवपणा आमच्याच धंद्यात होऊ शकतो." मी सगळे आकडे घरी नेऊन पुन्हा तपासले, एकेक. चूक नव्हती.

साहेबांनी तक्ता दिल्लीला पाठवला. आणि त्याच आठवड्यात सरांची मुदतवाढ मंजूर होऊन आली.

ऑफिस ते ऑफिसच. कॅन्टीनमध्ये मी बसलेली असताना एक जण म्हणाला, "बघा, म्हातारा शेवटी वाकला. साहेबांना हवा तो आकडा, यांना हवी ती खुर्ची." दुसरा म्हणाला, "बायकोचं दुखणं आहे, पैसा लागतो." त्यात सहानुभूती होती, तिचाच मला जास्त संताप आला. मी ओरडून सांगितलं की आकडा खरा आहे. ते म्हणाले, "असेल की. आम्ही कुठे नाही म्हणतोय?" मावशी कप विसळत म्हणाल्या, "मानूस बसाय लागला की लोकं बोलत्यातच."

हे सरांच्या कानावर गेलंच. दुसऱ्या दिवशी ते साहेबांच्या खोलीत शिरले, मलाही आत बोलावलं. "ही मुदतवाढ मला नको," म्हणाले.

साहेबांना आधी कळलंच नाही. "कॅन्टीनचं काय मनावर घेता?"

"कॅन्टीनचं नाही. दिल्लीत कुणीतरी तक्त्याची आणि मुदतवाढीची, या दोन्ही तारखा शेजारी ठेवणार. म्हणणार, आकडा वाकवलाय, नवा अंदाज मागवा. नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून. त्यात वर्ष जाईल. त्या वर्षाचा खर्च किती, तो मीच भरलाय, साहेब. माझ्याच रकान्यात आहे."

"शिफारस माझी उन्हाळ्यातली आहे. मी तसं लिहून देतो."

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत. वाचणाऱ्याला काय माहीत?"

साहेब मग नरम आवाजात म्हणाले, "सर, तुम्ही घरी करणार काय?"

"तेच मला कळत नाहीये," सर म्हणाले. किल्ल्या खिशातून काढल्या, बघितल्या, परत ठेवल्या. 

मला त्यांचा भयंकर राग आला. इतकं खरं असायची काय गरज होती? लोक जन्मभर वाकतात आणि वर सत्कार घेतात. हा माणूस एकदाही वाकला नाही, आणि न वाकल्याचा पुरावा म्हणून याने स्वतःची दोन वर्षं द्यायची! मी फाइल टेबलावर आपटली आणि बाहेर आले. माझे डोळे भरले होते. तेवढ्यात काकूंचा फोन आला, सर फोन उचलत नव्हते म्हणून.

"मिळाली का गं?"

"मिळाली होती, काकू. त्यांनी नाही म्हणून सांगितलं."

पलीकडून वॉकर फरशीवर सरकल्याचा आवाज, मग त्या खुर्चीत बसल्याचा. मी जे घडलं ते सगळं सांगितलं, दिल्ली, तारखा, कॅन्टीनसुद्धा. 

"एक सांग," त्या म्हणाल्या. "माझा पाय असा झाला म्हणून तर आकडा फिरला नाही ना?"

"सुचलं त्या दिवशी, काकू. पण आकडा खरा आहे. मी स्वतः तपासलाय."

"नक्की?"

"नक्की."

"मग येऊ देत घरी," काकू म्हणाल्या. "मी बघते."